जिभेला न कळणारं पाणी

इंदापूर तालुक्यात कुणाच्या वस्तीवर गेलं की पाण्याचा तांब्या हातात देताना घरातलं माणूस एक वाक्य हमखास जोडतं, "प्या, गोडं हाय." त्यात आतिथ्य असतं आणि थोडा अभिमानही, कारण गोडं पाणी सगळ्यांच्याच नशिबी नसतं. नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या या पट्ट्यात पाण्याला चवीवरून नावं पडली आहेत: गोडं, मचूळ, सवळ, खारं, जड. कुठल्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजते, कुठल्या पाण्याला साबणाचा फेस येतो, कुठलं पाणी फक्त धुण्याला आणि जनावरांना, हे लग्न होऊन आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यातच कळतं. बांधाच्या अलीकडे गोडं आणि पलीकडे सवळ, असंही इथे सर्रास दिसतं.

ही वर्गवारी खोटी नाही. पण ती सगळी जिभेने केलेली आहे, आणि पाण्यातल्या ज्या गोष्टी माणसाला अंथरुणाला खिळवतात त्यांतल्या बहुतेक जिभेला कळतच नाहीत.

एका वर्षी ज्येष्ठ संपता संपता, तुकोबांची पालखी यायच्या आधी, निमगाव केतकीच्या बाजूच्या एका वस्तीवर मी दोन छोट्या बाटल्या घेऊन गेलो होतो. या बाटलीत औषधात बुडवून वाळवलेला कागदाचा एक तुकडा असतो. त्यात जंतूंचं खाद्य असतं, गंधकाचा एक क्षार असतो आणि थोडं लोह. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून हलवायचं आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवून द्यायचं. आतड्यातून आलेले जंतू पाण्यात असतील तर ते त्या गंधकाच्या क्षारापासून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करतात. तो वायू लोहाशी मिळाला की काळा पदार्थ बनतो आणि पाणी शाईसारखं होतं. तीन भारतीय शास्त्रज्ञांनी ही चाचणी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडली. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, प्रयोगशाळा नको. खेड्यासाठी इतकी सोयीची चाचणी मला दुसरी माहीत नाही.

एका बाटलीत आम्ही घरामागच्या विहिरीचं गोडं पाणी भरलं. दुसरीत रस्त्याकडेच्या बोअरचं सवळ पाणी, जे त्या घरात कुणी तोंडात घेत नाही. दोन्ही बाटल्या स्वयंपाकघराच्या फडताळात, चुलीच्या उबेला ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा घरातल्या आजी दारातच उभ्या होत्या. बोअरची बाटली जशीच्या तशी होती. विहिरीची मात्र तळापासून वरपर्यंत काळी पडली होती.

"बाटल्यांची अदलाबदल तर न्हाई झाली?" आजींनी विचारलं. चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. अदलाबदल झाली नव्हती.

विहिरीपाशी जाऊन पाहिलं तर कारण समोरच होतं. कठडा एका बाजूने खचलेला. त्याच बाजूला, दहा-बारा पावलांवर, गोठा. गोठ्यातला मुताचा चर आणि धुण्याचं पाणी उतारावरून विहिरीकडेच येत होतं. त्याच आठवड्यात वळवाचे दोन पाऊस झाले होते. पोहरा जमिनीवर ठेवला जात होता आणि तसाच आत सोडला जात होता. बोअरचं पाणी खोल दगडातल्या भेगांतून येतं, वरच्या थरात त्याला लोखंडी केसिंग होतं, म्हणून ते जंतूंपासून वाचलं होतं. खोल बोअर म्हणजे निर्धोक असा अर्थ मात्र यातून काढू नये. केसिंग आखूड किंवा फुटकं असेल आणि शेजारी शौचालयाचा खड्डा असेल तर बोअरही तितकीच नासते. काळ्या कातळात पाणी गाळणारी वाळू नसते, भेगा असतात, आणि भेग ही नळासारखीच असते.

आता ते पाणी मुळात सवळ का झालं, ते सांगायला हवं, कारण या भागाचा इतिहासच त्यात विरघळलेला आहे.

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईतो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर आलेला असतो. १८७६–७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने नीरा डावा कालवा हाती घेतला. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं, आणि पुढे भाटघर धरणाने त्याला बारमाही आधार दिला. ज्वारी-बाजरीच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला. पण काळी माती पाणी धरून ठेवते, खाली सहजी सोडत नाही. पाटाने दिलेलं पाणी जमिनीत साचत गेलं, भूजलाची पातळी वर आली, आणि वरच्या उन्हाने पाणी उडून जात राहिलं. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. कातळाच्या झिजेतून सुटलेलं सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वर येऊन पांढऱ्या बुरशीसारखं जमिनीवर बसू लागलं. कालव्याला पंचवीस वर्षं होतात न होतात तोच, १९१० मध्ये, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर एक स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. आज आपण जे 'जमीन चोपण झाली', 'विहीर सवळ झाली' असं म्हणतो, त्याची नोंद शंभर वर्षांहून जुनी आहे.

हे क्षार पाण्यात किती आहेत ते 'टीडीएस' या आकड्याने मोजतात, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेल्या घन पदार्थांचे मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंतचा आकडा योग्य मानला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतला आहे. जिभेला साधारण हजाराच्या पुढे नीट कळायला लागतं. कठीणपणाचंही तसंच: २०० योग्य, नाइलाज असेल तर ६००. कठीण पाण्याने डाळ शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर खपली बसते, केस राठ होतात, कपडे पिवळट पडतात. हा त्रास खरा आहे. पण या भागात मुतखड्याचं खापर सरसकट कठीण पाण्यावर फोडलं जातं, त्याला ठोस पुरावा मिळालेला नाही. पुरावा आहे तो कमी पाणी पिण्याविरुद्ध. वैशाखात ऊस तोडणारा माणूस दिवसभरात दोन तांबे पाणी पीत असेल, तर त्याच्या मुतखड्याचं कारण पाण्याच्या कठीणपणात शोधण्याआधी त्या दोन तांब्यांत शोधावं.

थोडक्यात, जीभ ज्याला वाईट म्हणते ते बहुधा गैरसोयीचं असतं. धोकादायक पाणी पुष्कळदा तिला गोडच लागतं.

जंतूंचं पाहू. एक जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, फार तर त्याच्या दोन-तीन पट. पाण्याच्या एका थेंबात ते हजारोंनी असले तरी पाणी काचेसारखं स्वच्छ दिसू शकतं. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ हे सगळे आजार एकाच वाटेने येतात: एकाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या तोंडात. गावोगावी वेशीबाहेर मरीआईचं ठाणं असतं. पटकीची साथ आली की लोक तिथे नवस बोलायचे, कारण दुपारपर्यंत धडधाकट असलेला माणूस रात्रीत जायचा आणि कुठून काय आलं हे कुणालाच दिसायचं नाही. ते दिसलं १८८४ मध्ये. रॉबर्ट कॉख कोलकात्याला आले आणि पटकीने मेलेल्यांच्या आतड्यांत सापडणारा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्यांना तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. त्याच तळ्यात लोक धूत होते आणि तेच पाणी पीत होते.

प्रत्येक रोगाचा जंतू वेगवेगळा शोधत बसणं परवडत नाही. म्हणून प्रयोगशाळा एकाच जंतूचा माग काढते, त्याचं नाव ई. कोलाय. तो माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात कोट्यवधींनी राहतो, त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात, आणि पाण्यात तो सापडला की विष्ठा पाण्यापर्यंत पोचली हे सिद्ध होतं. मग त्या वाटेने आज ई. कोलाय आला, उद्या विषमज्वर येईल. इथे मानक कुठलीच सवलत देत नाही: १०० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये. हा काही जुन्या काळाचा विषय नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता आणि नांदेड गावाच्या परिसरात गुइलेन-बारे या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संपूर्ण साथीत त्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. हातापायांतली ताकद जाणारा हा विकार पोटातल्या जंतुसंसर्गानंतर उद्भवू शकतो, आणि अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू मिळाला. संशयाची सुई पाण्याकडेच वळली.

आषाढी वारी हा या दोन तालुक्यांच्या पाण्याचा दरवर्षीचा मोठा पेपर असतो. उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी, इंदापूर आणि मग सराटीला नीरेचं स्नान. काही हजार वस्तीच्या गावात एका रात्रीसाठी लाखो माणसं उतरतात, आणि तेही नेमकी पहिल्या पावसात, जेव्हा उघड्यावरची सगळी घाण वाहून पाण्याकडे निघालेली असते. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची यात्रा आणि पटकी ही जोडी सरकारी अहवालांतून सुटत नसे. त्या काळात आग्र्याला असलेल्या अर्नेस्ट हँकिन या रसायन परीक्षकाने साथीच्या गावांत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत रूढ केली. विहिरीला गुलाबी करणारं ते 'लाल औषध' जुन्या माणसांना अजून आठवतं. आता त्याची जागा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरने घेतली आहे, आणि पालखी यायच्या आधी आरोग्य विभागाची माणसं मार्गावरच्या विहिरी, टाक्या, हॉटेलांचे हौद आणि टँकरचे भरणा-बिंदू तपासत फिरतात, ते पाहण्यासारखं असतं.

टीसीएलचं पोतं प्रत्येक ग्रामपंचायतीत असतं, पण ती पावडर वापरायची कशी हे फार थोड्यांना नीट माहीत असतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. पंचायतीच्या खोलीत दोन पावसाळे काढलेल्या पोत्यात बऱ्याचदा नुसता चुनाच उरलेला असतो. वासावर जाऊ नये, वास थोड्या क्लोरीनलाही येतो. दुसरी गोष्ट हिशोबाची. गोल विहिरीचा व्यास सहा मीटर आणि पाणी पाच मीटर खोल असेल तर आत सुमारे १ लाख ४१ हजार लिटर पाणी असतं. हजार लिटरला पाच ग्रॅम या नेहमीच्या प्रमाणाने जवळपास ७०० ग्रॅम पावडर लागेल. आता हे ७०० ग्रॅम कठड्यावरून भुरभुरायचे नाहीत. एका बादलीत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त न घेता आधी घट्ट पेस्ट करायची, मग पाणी वाढवून ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवायचं. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं आणि खालचा चुना बाहेर, विहिरीपासून लांब टाकायचा. तो विहिरीत गेला तर पाणी आणखी कठीण होईल, आणि या भागात त्याची मुळीच गरज नाही. निवळ पाण्याची बादली दोरीने विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली हिसके द्यायचे, म्हणजे औषध तळापर्यंत मिसळतं. मग एक तास कुणी पाणी शेंदायचं नाही.

त्या तासानंतरची परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. परीक्षानळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, यालाच गावात 'ओटी टेस्ट' म्हणतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. (हे रसायन घातक असल्यामुळे आता गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी तिची जागा घेते आहे.) लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलाच पाहिजे. उरलेला क्लोरीन कशाला हवा? कारण पाणी विहिरीतून घागरीत, घागरीतून माठात, माठातून पेल्यात जातं, आणि वाटेत कुणाचा तरी हात बुडतोच. टाकीवर टेस्ट पिवळी आली म्हणून काम संपत नाही. ती नळाच्या शेवटच्या घरी यायला हवी. शेवटच्या घरी रंग येत नसेल तर मधे कुठेतरी गळती आहे. नळाला पाणी दिवसाआड येतं तेव्हा उरलेल्या वेळात पाइप रिकामा असतो, आणि त्यातच कुणी नळाला थेट मोटर लावून पाणी ओढलं की त्या फटीतून गटाराचं पाणीही ओढलं जातं. आपल्या घरी दोन हंडे जास्त यावेत म्हणून लावलेली ती मोटर सगळ्या गल्लीला जुलाब वाटते.

क्लोरीनलाही मर्यादा आहेत. पाणी गढूळ असेल तर मातीच्या कणाआड जंतू लपतात. पाण्यात सेंद्रिय घाण आणि अमोनिया असेल तर क्लोरीन आधी त्यांच्यावरच खर्च होतो, जंतूंसाठी उरत नाही. इथे विषय उजनीकडे वळतो.

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा इंदापूर तालुक्याची सगळी उत्तर सीमा व्यापून आहे. भिगवण, कुंभारगाव, पळसदेव ही गावं त्याच्या काठावर आहेत. साठा ११७ टीएमसी. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि भीमा ते इथे आणून थांबवते. थांबलेलं पाणी, भरपूर ऊन, आणि सांडपाण्यातून व साबणाच्या भुकटीतून आलेलं नत्र आणि स्फुरद, म्हणजे शेवाळाला खत-पाणी दोन्ही. म्हणून उन्हाळ्यात फुगवट्याच्या कडेला पाणी हिरव्या रंगासारखं दाट दिसतं. ज्या फ्लेमिंगोंना पाहायला भिगवणला गर्दी होते त्यांच्या खाण्यात सूक्ष्म शेवाळही असतं, पण आपल्याला ते पचत नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यकृताला अपाय करणारं विष तयार करतात, आणि ते उकळल्याने नाहीसं होत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात सुटतं. अशा पाण्याला आधी शेवाळ न फोडता अलगद निवळून-गाळून काढावं लागतं आणि मग गरज पडल्यास कोळशाच्या थरातून जाऊ द्यावं लागतं. नुसता क्लोरीनचा मारा पुरत नाही.

वरच्या शहराची घाण पिणाऱ्या खालच्या गावाचं काय होतं, याचं उत्तर १८९२ मध्ये जर्मनीत मिळालं. एल्ब नदीवर हॅम्बर्ग आणि त्याला अगदी खेटून, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, अल्टोना. हॅम्बर्ग नदीचं पाणी तसंच पीत होतं. अल्टोनाच्या वाट्याला तर हॅम्बर्गचं मैलापाणी मिसळलेली नदी येत होती. पटकीची साथ आली आणि हॅम्बर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसं मेली. अल्टोना जवळजवळ बचावलं. दोन शहरांना विभागणारा रस्ता एकच, त्याच्या एका बाजूला प्रेतं आणि दुसऱ्या बाजूला नाही. फरक होता वाळूचा. अल्टोनाचं पाणी वाळूच्या जाड थरातून सावकाश गाळून येत होतं. अशा थराच्या माथ्यावर काही दिवसांत उपकारक सूक्ष्मजीवांची चिकट साय धरते आणि ती रोगजंतूंना अडवते. उजनीकाठच्या गावांना मला ही गोष्ट सांगावीशी वाटते. पुण्याने आपलं सांडपाणी पूर्ण शुद्ध करूनच सोडलं पाहिजे, त्यासाठी भांडलंच पाहिजे, पण तोपर्यंत गावच्या योजनेतली वाळूची गाळणी वेळेवर धुतली जाते का, हे रोज पाहणं आपल्या हातात आहे. कित्येक ठिकाणी तुरटीची मात्रा अंदाजाने पडते आणि गाळणी वर्षानुवर्षं उलट धुतलेली नसते.

जंतू मारता येतात. विरघळलेलं रसायन मारता येत नाही, कारण ते जिवंतच नाही. आणि या ऊसपट्ट्यात जिभेला अजिबात न कळणारं सर्वांत महत्त्वाचं रसायन म्हणजे नायट्रेट.

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. ते सगळं युरियातून दिलं तर साडेआठशे किलोच्या पुढे युरिया होतो, आणि शिफारशीपाशी हात थांबवणारे शेतकरी किती असतात ते आपण जाणतोच. पिकाने न उचललेलं नत्र जमिनीत नायट्रेट होतं. मातीचे कण आणि नायट्रेट या दोघांवर ऋण भार असल्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. भरपूर पाणी दिलं की ते सरळ खाली भूजलात उतरतं. गोठ्याचा उकिरडा आणि शौचालयाचे शोषखड्डे त्यात भर घालतात. मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तिथेही सवलत नाही. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांच्या लक्षात आलं की शेतातल्या विहिरीच्या पाण्यात दूध कालवून पाजलेली काही तान्ही बाळं निळी पडतात. लहान बाळाच्या शरीरात नायट्रेटपासून बनलेला पदार्थ रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच काढून घेतो. सहा महिन्यांच्या आतल्या आणि बाटलीवर असलेल्या बाळांना हा धोका सगळ्यांत जास्त.

आणि इथे आपली सगळ्यांत विश्वासू सवय उलटते. बाळासाठी आपण पाणी उकळतो. पाच लिटर पाणी चांगलं उकळून चार लिटर केलं, आणि मुळात नायट्रेट ४० होतं, तर आता ते ५० झालं. जंतू मेले, नायट्रेट मर्यादेबाहेर गेलं. आईच्या दुधावरच्या बाळाला हा धोका जवळपास नाहीच, हेही त्याच वेळी सांगायला हवं.

मग बाकीच्या घरगुती उपायांचं काय? प्रत्येकाचं काम वेगळं आहे, ते ओळखून वापरावं. तुरटी गढूळपणा खाली बसवते. त्याबरोबर बरेच जंतूही खाली जातात, पण मरत नाहीत. जुन्या धोतराची किंवा सुती साडीची चौघडी घेऊन पाणी गाळण्याची आपली पद्धत हसण्यावारी नेण्याजोगी नाही. बांगलादेशातल्या खेड्यांत रीटा कोलवेल यांच्या पथकाने २००३ मध्ये दाखवलं की जुनी साडी चार-आठ पदरी करून गाळलेल्या पाण्याने पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. तांब्याच्या हंड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात, असं २०१२ च्या बंगळूरच्या अभ्यासात आढळलं. रात्री भरून सकाळी प्यायचं या आजीच्या पद्धतीत तेवढे तास भरत नाहीत. शिवाय हंडा घासलेला हवा, आणि त्यात हात बुडता कामा नये. उकळी फुटून एक मिनिट खळखळलं की जंतू मरतात. आरोग्य केंद्रातून मिळणारी मेडिक्लोरची बाटलीही, लेबलवरच्या थेंबांच्या मापाने, तेच काम करते. यांतला एकही उपाय मीठ, कठीणपणा किंवा नायट्रेट काढत नाही.

ते काढतो आरओ. अतिशय बारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकललं की क्षार आणि नायट्रेट मागे राहतात. सवळ पाण्याच्या गावात आरओ हे वरदान आहे यात मला शंका नाही. पण तो विकला जातो जिभेच्या बळावर, आणि माझी तक्रार तिथे आहे. चौकाचौकात वीस लिटरचे थंड जार मिळतात, पाणी गोड लागतं, म्हणून ते शुद्ध मानलं जातं. आरओतून निघालेल्या पाण्यात शिल्लक क्लोरीन नसतो. ते ज्या टाकीत साठतं ती टाकी, जो जार भरला जातो तो जार आणि भरणाऱ्याचा हात यांतलं काहीही अस्वच्छ असलं तर त्या पाण्याला वाचवायला कुणी उरत नाही. शिवाय मागे राहिलेलं सगळं मीठ दाट होऊन मोरीतून बाहेर पडतं, आणि ते पुन्हा ओढ्याला आणि तिथून शेजारच्या विहिरीला जातं. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी आणावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं ते याच उधळपट्टीमुळे. बारामती शहरासारख्या ठिकाणी, जिथे कालव्याचं पाणी साठवण तलावातून शुद्ध होऊन येतं, तिथे घरोघरी आरओ लावण्याआधी एकदा टीडीएस मोजायला काय हरकत आहे?

म्हणून आधी तपासणी, मग उपाय. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणीचं किट वापरायला शिकवलं जातं. वर्षातून एकदा रसायनांची आणि दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, जंतूंची तपासणी व्हायला हवी. महाराष्ट्रात स्रोताभोवतीच्या स्वच्छतेवरून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्डही मिळतं. आपल्या गावाला कोणतं मिळालंय, हे ग्रामसभेत उठून विचारता येतं.

निमगावच्या त्या वस्तीवर मी तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. पालखी पुढे गेली होती. कठडा बांधून झाला होता, गोठ्याचा चर उलट्या बाजूला वळवला होता, पोहऱ्यासाठी एक खुंटी ठोकली होती. टीसीएलची बादली थोरल्या मुलाने माझ्यादेखत सोडली. एक तासाने ओटी टेस्ट पिवळी आली. चार दिवसांनी, क्लोरीन पूर्ण उतरल्यावर, भरलेली नवी बाटली दोन रात्री फडताळात राहिली आणि काळी पडली नाही.

गावातल्या किटवाल्या ताई त्याच वेळी नायट्रेटची नळी घेऊन आल्या होत्या. विहिरीचं पाणी त्यात टाकल्यावर दहा मिनिटांत गडद गुलाबी रंग आला, तक्त्यावरच्या ४५ च्या चौकोनापेक्षा गडद. आजींनी नळी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग आत वळून सुनेला म्हणाल्या, "बाळाच्या वरच्या दुधाला हितलं घिऊ नगंस. त्याची कळशी येगळी कर."